केळीला लाकूड नसतं

"गुरुजी, तो डबा मांडीवर कावून धरून बसले? सीटवर ठेवा ना, पडत नाही तो," रागिणी म्हणाली.

वामनराव गुरुजींनी डबा आणखीच घट्ट धरला. अंजनगावहून बोराळखेडला निघालेला ऑटो रस्त्यातला एकही खड्डा चुकवायचा नाही अशा हट्टानं चालला होता. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी. तिच्यात अख्खा मराठी ज्ञानकोश भरलेला. गावात रेंज असो नसो, बटण दाबलं की पेटी स्वतःचंच लहानसं वायफाय सोडते आणि वर्गातल्या टॅबवर हजारो पानं उघडतात.

हे उद्योग रागिणी आणि तिच्या मैत्रिणींचे. अमरावतीला राजापेठेत गुरुजींच्याच घरात वरच्या मजल्यावर राहून त्या इंजिनीअरिंग शिकत होत्या. पेटी तयार झाली, पण शाळांत त्यांना कोणी दारात उभं करेना. मग गुरुजींनी आपली जुनी डायरी काढली, ओळखीच्या मुख्याध्यापकांना फोन लावले आणि हळूहळू स्वतःच पिशवी घेऊन सोबत निघायला लागले. निवृत्त माणसाला एवढं निमित्त पुरतं. एकोणीस शाळा झाल्या. बोराळखेडचं नाव मात्र यादीत वर आलं, की गुरुजी म्हणायचे, पुढच्या महिन्यात पाहू.

खरं कारण फक्त पार्वताबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पेटीत नवी प्रत भरली, की दहा-वीस पानं उघडून तपासायचं काम गुरुजींकडे असे. त्या दिवशी त्यांनी सहज केळीचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, केळ हे झाड म्हणजे वृक्ष नाही. ती मोठी, मऊ अंगाची वनस्पती आहे. तिच्या उभ्या खांबाला आपण खोड म्हणतो, पण ती एकावर एक घट्ट गुंडाळलेली पानांची देठं असतात. खरं खोड जमिनीखाली कंदात असतं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून बसून राहिले. रात्री ताटातली भाकर तशीच राहिली.

"काय झालं जी? तब्येत बरी नाही का?" पार्वताबाईंनी विचारलं.

"बोराळखेडची चंदा आठवते तुले? माळ्याची पोरगी?"

"मी कधी पाहिली तिले? तुमी कवा नेलं मले तुमच्या शाळेत?"

मग गुरुजींनी सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी ते बोराळखेडला होते. तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेला शाळेतून एकच नाव जायचं, आणि ते चंदाचं जाणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. पोरगी तशी होतीच. विचारलेलं पटकन सांगायची, न विचारलेलंही सांगायची. सरावाच्या तासाला गुरुजींनी विचारलं, आपल्या शिवारात सगळ्यात लवकर फळ देणारं झाड कोणतं? उत्तर केळ. चंदा उभी राहून म्हणाली, "केळ झाड नोहे गुरुजी. केळीले लाकूडच नसते. नुसती पानंच पानं असतात."

वर्ग हसला. गुरुजींना वाटलं, पोरगी आपल्याला चार पोरांसमोर खोटं पाडते आहे. ते भडकले. पुस्तकात छापलेलं खरं, की तुझं? म्हण, केळीचं झाड. ती म्हणेना. त्यांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं, तासभर, आणि स्पर्धेला तिच्या जागी कुलदीप नावाच्या पोराला पाठवलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण दुसऱ्या दिवशी चंदाचा बाप, नत्थुजी, पोरीला घेऊन शाळेत आला. टोपी हातात घेऊन त्यानं गुरुजींची माफी मागितली, पोरीकडून मागवून घेतली, आणि केळीच्या दोन फण्या टेबलावर ठेवून गेला. गुरुजींनी त्या फण्या घरी आणल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या होत्या.

"सातवीनंतर शाळा सुटली तिची," गुरुजी म्हणाले. "आता ती माझ्यामुळं सुटली का आणखी कशामुळं, देव जाणे. पण ती बरोबर होती ना. मी तिले खोटं ठरवलं, आन् तिच्या बापाले माह्यासमोर हात जोडाले लावले."

पार्वताबाईंनी ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "तिले आठवतही नसन आता," त्या म्हणाल्या. "पण तुमाले आठवून राहिलं ना. मंग जा. सांगून या. नाही तं तुमी जेवणार नाही आन् मलेबी सुखानं जेवू देणार नाही."

तरी जायला गुरुजींना दोन महिने लागले. माफी मागणं त्यांच्या नोकरीत कधी आलंच नव्हतं. छत्तीस वर्षं लोकांनी त्यांची मागितली.

शाळेच्या फाटकात योगेश सर वाट बघत होते. तरुण माणूस, सात वर्गांना दोन शिक्षक, त्यातले एक हे. रोजची हजेरी पाठवायला यांना पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, तिथं रेंजच्या दोन काड्या मिळतात. पेटी पाहून ते म्हणाले, "एवढीशीच?" सगळे तसंच म्हणतात.

सातवीच्या वर्गात रागिणीनं पेटीचं बटण दाबलं. शाळेचे पाच टॅब होते, तीन चालू निघाले. एकेका टॅबवर आठ-आठ डोकी वाकली. सुरुवातीला कोणी काही विचारेना. मग एका पोट्ट्यानं बिबट्या काढला, आणि बिबट्याचं पान उघडल्यावर पुढं कोणाला आवरणं शक्य नव्हतं. ट्रॅक्टर झाला, चंद्र झाला, साप झाले. एकानं बोराळखेड शोधलं, ते नव्हतं.

"आपलं गाव कावून नाही, मॅडम?"

"कोणी लिहिलंच नाही अजून. हे सगळं तुमच्या-आमच्यासारख्या लोकांनीच लिहिलेलं आहे. तुम्ही लिहून द्या, पुढच्या वेळी पेटी नव्यानं भरू तेव्हा तुमचं गाव तिच्यात येईल."

गुरुजी मागं खिडकीजवळ उभे होते. चंदाचं घर कुठं, ती गावात आहे की नाही, कोणाला आणि कसं विचारावं, याचीच जुळवाजुळव त्यांच्या डोक्यात चालली होती.  तेवढ्यात पुढच्या टॅबवरून एका पोरीचा आवाज आला.

"मॅडम, तुमच्या डब्यात चुकीचं लिवलं हाय."

दोन वेण्या, शाळेचा ड्रेस उसवलेल्या बाहीचा, आणि डोळ्यांत जराही भीती नाही. रागिणी जवळ गेली. "काय चुकीचं आहे? दाखव."

"हे पाहा. केळ झाड नाही म्हणते. आमची वाडीच केळीची हाय. केळीचं झाडच असते."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. तिले गुरुजींनी सांगतलं होतं. तिच्या शाळेतल्या. लय हुशार होते ते, तालुक्यात त्यांच्यावाणी कोणी नव्हतं, असं आई म्हणते."

 गुरुजी पुढं आले, पोरीसमोर वाकले. "बाई, नाव काय तुझं?"

"प्रतीक्षा."

"तुझ्या आईचं नाव चंदा का?"

"तुमाले कसं माहीत?"

 आई आता कुठं असेल, एवढंच गुरुजींनी विचारलं. शाळेमागच्या वाडीत, केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, काढून राहिली, असं कळलं. योगेश सर म्हणाले, बोलावून घेतो, पोराला पाठवतो. गुरुजी म्हणाले, "नाही. मीच जातो."

केळीच्या वाडीत शिरलं की ऊन एकदम मागं राहतं. चंदा वाकून एका केळीभोवती उगवलेली पिलं विळ्यानं उकरून काढत होती. जास्तीची पिलं ठेवली तर मोठ्या केळीला पोसवत नाही. वाळक्या पानांवर पावलं वाजली तशी तिनं मान वर केली, क्षणभर पाहिलं, आणि विळा टाकून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"गुरुजी? तुमी? बसा ना. बाप्पा, बसाले काही नाही इथं."

"ओळखलं तू मले."

"तुमाले न ओळखाले काय झालं? लय वाळले पण तुमी. बाईंची तब्येत बरी हाय ना?"

बाईंची तब्येत, मुलांच्या नोकऱ्या, सगळं तिनं विचारलं. नत्थुजी पाच वर्षांपूर्वी गेले, हेही तिनंच सांगितलं.  वर्गात सत्तर पोरांसमोर गडगडणारा हा माणूस, आणि आता एका वाक्यासाठी वाळकी पानं पायानं सरकवत उभा होता.

"तुझी पोरगी म्हणते, केळीचं झाड असते," ते शेवटी म्हणाले.

चंदानं टाकलेला विळा उचलला. ती खाली पाहू लागली.

"ते तूच शिकवलं तिले?"

"हो."

"पण तुले तं खरं माहीत होतं, चंदा. तू तेव्हाच सांगितलं होतं. मंग पोरीले खोटं कावून सांगितलं?"

 विळ्याच्या पात्याला लागलेला चीक तिनं पानानं पुसला. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, कितीही धुवा. तिच्या लुगड्यावर असे डाग जागोजागी होते.

"ती पयलीत असतानीच इचारे, आई, केळीले फांद्या कावून नाही?" ती म्हणाली. "मले वाटलं, हे असंच शाळेत बोलली आन् हिलेबी बाहेर उभं केलं तं? म्हणून सांगून टाकलं, झाड हाय म्हणून. गुरुजींनी सांगतलं होतं म्हणून. आपल्या पोरीवर ती पाळी नोको, गुरुजी. बाकी काही नाही."

रागावून म्हणाली असती तर गुरुजींना सोसलं असतं. ती रागावली नव्हती. अडचण सांगावी तितक्या साध्या आवाजात बोलली होती, आणि गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"मी चुकलो होतो," ते म्हणाले. "तू बरोबर होती. शंभर टक्के बरोबर होती. तुझ्या बापानं माह्यासमोर टोपी काढली, ती मीच त्याच्यासमोर काढाले पाहिजे होती. आता तो नाही. तुले सांगाले आलो."

"एवढ्यासाठी अमरावतीहून आले तुमी?"

"एवढ्यासाठीच. शाळेत डबा-बिबा आणला, तो माह्यासोबतच्या पोरींचा हाय. मी याच्यासाठी आलो."

 चंदा म्हणाली, "बापू त्या दिवशी घरी येऊन मले म्हणे, तू बरोबर हाय बेटा, पण गुरुजी मोठे हायत. मंग तो रात्री जेवला नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं, आले तुमी."

गुरुजींनी खाली पडलेलं एक पिल उचललं, कंदासकट, हातभर उंचीचं. "चल," ते म्हणाले. "चार पोरांसमोर बाहेर काढलं होतं तुले. आज चार पोरांसमोर तूच शिकव."

"मी? वर्गात? गुरुजी, काहीतरीच. कपडे पाहा माझे."

"त्या डागांवरूनच समजते, केळ कोणाले माहीत हाय. चल."

ती नाही-नाही म्हणत होती, पण विळा तिनं हातात घेतलेलाच होता.

वर्गाच्या दाराशी तिनं चपला काढल्या. प्रतीक्षा टॅब सोडून आईकडे बघत राहिली. गुरुजींनी पिल टेबलावर ठेवलं आणि पोरांकडे वळले. लांबलचक बोलायची त्यांची सवय, पण आज दोनच वाक्यं बोलले. "पोरांनो, ही माझी विद्यार्थिनी. हिनं मले सव्वीस वर्षांपूर्वी खरं सांगितलं होतं, आन् मी तिले वर्गाबाहेर काढलं, ती माझी चूक होती." मग ते पहिल्या रांगेत, प्रतीक्षाच्या शेजारी, सतरंजीवर मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले. रागिणी त्यांना उठवायला पुढं झाली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

 चंदानं आधी प्रतीक्षाकडे पाहिलं, मग दाराकडे. मग हातातल्या विळ्याकडे पाहिलं आणि ती कामाला लागली, आणि काम सुरू झाल्यावर तिचा आवाजही सापडला. "हे वरचं पान," ती म्हणाली आणि पहिला थर सोलून काढला. "हे त्याच्या आतलं. हेबी पानच हाय, त्याचा देठ. पाहा, कसं अर्धं गोल हाय, नालीवाणी." एकेक थर सोलून ती पोरांच्या हातात देत गेली. ओले, थंड, जाळीदार थर. पोरं ते डोळ्यांसमोर धरून आरपार पाहत होती. शेवटी मधोमध बोटाएवढी पांढरट सुरळी उरली. ती उलगडली तर तेही एक कोवळं पानच निघालं. टणक असं काही नव्हतंच. मग तिनं खालचा कंद उचलून दाखवला.

"खोड म्हणजे हे. मातीतलं. वरतं सगळी पानंच पानं. लाकूड कुठीच नाही. म्हणून केळ झाड नोहे."

 चंदानं सवयीनं गुरुजींकडे पाहिलं. "बरोबर हाय ना, गुरुजी?"

सतरंजीवर बसलेल्या गुरुजींच्या हातातही एक थर होता. त्यांनी मान हलवली नाही.

"मले नको विचारू, चंदा," ते म्हणाले. "तूच सांग."

 चिकाचे हात तिनं पदराला पुसले. मग तिनं आपल्या पोरीकडे पाहिलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली.