ओपगार्डच्या बोअरचं पाणी

"एका मित्रासाठी विचारायचं होतं," व्हर्लिन स्कार खिडकीच्या जाळीपाशी तोंड नेऊन म्हणाला. "त्याच्या नावावर अटक वॉरंट आहे का, हे कुठं कळतं?"

जाळीपलीकडे ट्वायला ह्रुस्का बसल्या होत्या. ऑटर क्रीक काउंटीच्या कोर्टात कारकुनी करता करता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"इथंच कळतं. या खिडकीवर सगळे मित्रासाठीच येतात. मित्रांवर एवढा जीव टाकणारी माणसं दुसऱ्या कुठल्या काउंटीत नसतील बघा. नाव सांगा मित्राचं."

व्हर्लिनने टोपी काढून हातात घेतली.

"व्हर्लिन स्कार."

"बरं. आणि तुमचं?"

"तेच," व्हर्लिन म्हणाला.

ट्वायलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नाव लिहून घेतलं.

मागे बाकावर त्याचा भाऊ आर्लो चीजच्या तुकड्यांची पिशवी मांडीवर घेऊन खात बसला होता. आर्लो त्रेपन्न वर्षांचा, पण समज दहा वर्षांच्या पोराची. त्याचं सगळं आई बघायची, कागदोपत्रीही तीच त्याची पालक. फेब्रुवारीत आई गेली आणि कोर्टाचं पत्र आलं की नवा पालक नेमावा लागेल, नाहीतर आर्लोची रवानगी सरकारी वसतिगृहात होईल. वसतिगृह साठ मैलांवर. आर्लोला रात्री व्हर्लिनने उद्याची हवा सांगितल्याशिवाय झोप येत नसे. ऊन, पाऊस, बर्फ, काय असेल ते. तिथं त्याला हवा कोण सांगणार होतं?

पालक व्हायच्या अर्जावर दोन शिक्के लागत होते. अर्जदाराच्या नावावर वॉरंट नाही असं कोर्टाने सांगायचं आणि शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीनेही सांगायचं. व्हर्लिनच्या नावावर तर वॉरंट होतं. सव्वीस वर्षं होतं.

तो बोअरचे पंप दुरुस्त करणारा माणूस. तेव्हा ऐन पस्तिशीत होता. ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या पाइपांना लाल फडकं बांधायचं राहिलं, म्हणून शेरीफच्या माणसाने त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. अकरा जून, सकाळी नऊ, कोर्टात हजर राहणे. त्याच सकाळी सहाला क्लेटन ओपगार्डचा फोन आला. मोटर बंद पडलीय, गोठ्यात नव्वद गायी आहेत, थेंबभर पाणी नाही, आणि ऊन तर असं की... व्हर्लिन गेला. दोनशे फूट पाइप वर ओढून, मोटर बदलून पाणी सुरू करेपर्यंत दुपार कलली. कोर्टाची आठवण त्याला गायी पाणी पिताना बघत असताना झाली.

चार दिवसांनी वॉरंट निघाल्याचं पत्र आलं. त्यानंतर काही दिवसांनी आणखी एक पाकीट आलं. कोर्टाचा शिक्का पाहूनच त्याची पाचावर धारण बसली. आई म्हणाली, "अरे, फोडून तरी बघ." त्याने ते न फोडताच कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि डबा कपाटावर ठेवला.

तेव्हापासून तो कच्च्या रस्त्यांचा झाला. हमरस्त्याने वीस मिनिटांचं काम असेल तर तो शेताशेतातून पाऊण तास घालवी. ट्रक रिकामा असला तरी मागे दोन-दोन लाल फडकी बांधी. शेरीफची गाडी दिसली की आर्लो ओरडे, "व्हर्लिन, वळ!" आर्लोला तो खेळच वाटायचा. राग मात्र व्हर्लिनने क्लेटन ओपगार्डवर धरला. त्याच्या गायींपायी हे सगळं झालं. क्लेटनने पुढं दोन-तीनदा फोन केला, तेव्हा "दुसरा माणूस बघ" म्हणून त्याने फोन आपटला. क्लेटन वारला तेव्हा मातीच्या दिवशी चर्चपुढं उभ्या गाड्या त्याने लांबून, कच्च्या रस्त्यावरून पाहिल्या आणि तो पुढं निघून गेला.

"कॉम्प्युटरवर काही नाही," ट्वायलाबाई म्हणाल्या. व्हर्लिनचा चेहरा उजळायच्या आत त्यांनी बोट वर केलं. "थांबा. एवढं जुनं कॉम्प्युटरवर नसतंच. वही बघावी लागेल."

त्या तळघरात गेल्या आणि पाटाएवढी जाड वही घेऊन आल्या. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ती ओळ मनात वाचली, चष्मा पुसला आणि मग मोठ्याने वाचली.

"अकरा जून. आरोपी गैरहजर, वॉरंट काढले. अठरा जून. क्लेटन ओपगार्ड, राहणार काउंटी रस्ता सात, न बोलावता हजर. शपथेवर सांगितले की, आरोपी त्या दिवशी माझ्या गायींना पाणी मिळावे म्हणून राबत होता, शिक्षा करायची तर मला करा. वॉरंट मागे घेतले. खटला काढून टाकला. आरोपीस पत्राने कळवले."

व्हर्लिनने खिडकीची कड धरली.

"पत्र मिळालं नव्हतं का तुम्हाला?"

"मिळालं होतं. फोडलं नाही."

"सव्वीस वर्षं?"

"कपाटावर आहे. डब्यात."

ट्वायलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग वहीतल्या पानाची नक्कल काढून त्यावर शिक्का मारला आणि व्हर्लिनने पुढं केलेल्या अर्जावरही आपला शिक्का उमटवला.

"मग सुटलो मी?"

"कोर्टापुरते. शेरीफची पेटी वेगळी असते. आम्ही वॉरंट मागे घेतलं तरी त्यांच्या पेटीतलं कार्ड कुणीतरी हाताने काढावं लागतं." त्यांनी आवाज खाली आणला. "ते कार्ड तिथं असलं तर काय करायचं, हे मी सांगू शकत नाही. कायद्याचा सल्ला द्यायची आम्हाला मनाई आहे, भिंतीवर पाटीच लावलीय. पण मला आत्ता खाली शेरीफच्या कचेरीत टपाल द्यायला जायचंय. जिना काही माझ्या एकटीचा नाही. कुणाला सोबत यायचं असेल तर यावं."

त्यांच्या हातात टपाल नव्हतंच. व्हर्लिनच्या ते लक्षात आलं आणि त्याने टोपी डोक्यावर चढवली. सकाळी शेरीफच्या काचेच्या दारावरून जायला नको म्हणून तो मागच्या जिन्याने चढला होता. आता त्याच दारात तो ट्वायलाबाईंच्या मागे उभा राहिला. आर्लोने त्याची बाही घट्ट धरली.

टॉड नावाच्या तरुण शिपायाने लोखंडी खण उघडला, कार्डं चाळली आणि पिवळं पडलेलं एक उपसून काढलं.

"स्कार, व्हर्लिन. आहे की हो." त्याने मान वर केली. त्याचा चेहरा बदलला. "तुम्हाला इथंच थांबावं लागेल."

"आधी हे वाच, टॉड," ट्वायलाबाईंनी नक्कल पुढं सरकवली. "मग काय ते कर."

टॉडने वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"हे कार्ड आमच्याकडून काढायचं राहिलंय. मी जन्मलोही नव्हतो तेव्हा," तो म्हणाला. "पण माफी मागतो. कुठं रस्त्यात अडवलं असतं तर आत टाकलं असतं तुम्हाला."

"म्हणून तर अडवू दिलं नाही," व्हर्लिन म्हणाला.

टॉडने कार्डावर आडवी रेघ मारली, सही केली आणि अर्जावर दुसरा शिक्का मारला. बाहेर येताना व्हर्लिनने ट्वायलाबाईंसाठी दार धरून ठेवलं.

"उद्या सकाळी जज सही करतील. दोन्ही शिक्के असले की ते अडवत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या मित्राला सांगा, पत्रं फोडत जा म्हणावं."

व्हर्लिनने ट्रक हमरस्त्यावर घातला. दोन मैलांवर समोरून शेरीफची गाडी आली.

"व्हर्लिन, वळ!"

"आज नाही वळायचं."

आर्लो सीटवर खाली घसरला. गाडी जवळ आली. चालवणाऱ्या शिपायाने इकडच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. व्हर्लिननेही उचलली. ट्रक सरळ चालला होता.

काउंटी रस्ता सातवर तो वळला. ओपगार्डांचा गोठा आता रिकामा होता. क्लेटनची बायको मार्सेला ओपगार्ड दारात आली, ऐंशीच्या घरातली, पण ताठ.

"व्हर्लिन स्कार! किती वर्षांनी रे."

त्याने नक्कल तिच्या हातात दिली. तिने ती लांब धरून वाचली.

"मला आज कळलं," व्हर्लिन म्हणाला. "सव्वीस वर्षं मी त्याला दोष देत होतो. मातीलाही आलो नाही. आभार तर मानायचे राहूनच गेले."

"आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे. तू बोलेनासा झालास तेव्हा क्लेटन म्हणाला, व्हर्लिनला उपकाराचं ओझं वाटत असेल, राहू दे त्याला." तिने डोळे टिपले. "मोटर तीच आहे बरं का. तू बसवलेली. कधी कुरकुरली नाही."

तिने आत जाऊन नळ सोडला. अंगणातल्या बोअरमधून मोटरची घरघर आली. व्हर्लिनने मान वाकडी करून ती ऐकली. आवाज अजून निरोगी होता. मार्सेला दोन ग्लास भरून घेऊन आली. व्हर्लिनने टोपी काढली आणि उभ्यानेच, सावकाश, ग्लास संपवला. पाणी दात शिवशिवावेत इतकं गार होतं.

"धन्यवाद, क्लेटन," तो म्हणाला. मार्सेलाने नवऱ्याच्या वतीने मान हलवली.

आर्लोने आपला ग्लास संपवून तोंड पुसलं. अजून दुपारच होती, पण सकाळपासूनच्या धावपळीने तो थकला होता.

"व्हर्लिन, उद्याची हवा सांग ना."

"ती झोपताना. घरी गेल्यावर."

"घरीच जायचं ना?"

"घरीच," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने रिकामा ग्लास दोन्ही हातांनी मार्सेलाला परत दिला.