बसचा रकाना

माझ्या नवऱ्याची, ओजसची सिंगापूरमधली पोस्टडॉकची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती आणि अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी त्याला बोलावलं होतं. दोन्ही गावं लहान, फोटोत दोन्ही गोड. निवड सोपी जावी म्हणून मी तक्ता केला. थंडी, वाचनालय, झाडं, घरापासून बसथांबा किती मिनिटांवर. मिनिटं कमी, गुण जास्त. नदीकाठचं गाव जिंकलं. विटांची दुकानं, खिडक्यांत फुलं, जुना पूल. आठवडाभर मी मनाने त्या पुलावर फिरत होते.

शनिवारी सकाळी घराजवळच्या, आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, ओजसबरोबर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना त्या कॉलेजच्या ऑफिसमधून उत्तर आलं. घरून बाजारात कोणती बस जाते, असं मी विचारलं होतं.

‘बस आहे, शाळेच्या मुलांची,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘बाजार साडेपाच किलोमीटर. तुम्ही गाडी चालवताच ना?’

आम्ही दोघंही चालवत नाही. सिंगापूरमध्ये सहा वर्षं कधी गरजच पडली नाही.

मी तिथल्या तिथे तक्ता उघडला. त्या गावाचा बसचा रकाना रिकामा होता. माहिती मिळाली नव्हती, म्हणून मीच सोडला होता. सूत्राने रिकाम्या जागी शून्य धरलं. शून्य मिनिटं, पूर्ण गुण. माझ्या कारखान्यात एक रीडिंग नसलं तर मी कॉम्प्युटर चिप्सचा अख्खा लॉट परत पाठवते.

“ओजस, अजून होकार कळवू नकोस.”

“काल कळवला.”

“मला न विचारता?”

“तुझ्या तक्त्याला विचारून! दुसऱ्यांना नकारही कळवला.”

“रकाना रिकामा होता. तुला दिसला नाही?”

“दिसला. वाटलं, तू मुद्दाम सोडलायस.”

“मुद्दाम कोण सोडतं रे?”

“भार्गवी, कॉलेज घरासमोर आहे. मी चालत जाईन.”

“तू जाशील. आणि मी? तुझ्या व्हिसावर मला तिथे नोकरी करता येणार नाही. भाजी आणायलासुद्धा तुझी वाट बघायची?”

त्याने फोन काढला. दुसऱ्या कॉलेजला तिथूनच मेल लिहिला: जागा अजून आहे का? सोमवारी उत्तर आलं: जागा दुसऱ्याला दिली, शुभेच्छा.

विमानाची तिकिटं काढून झाल्यावर मी इथल्या ड्रायव्हिंग स्कूलची तारीख शोधली. पहिली मोकळी तारीख आमच्या विमानाच्या नंतरची होती. मी ती घेतली.

“अगं, पण आपलं तिकीट?”

“तुझं तिकीट. माझा इथला वर्क पास आहे, नोकरी आहे. लायसन्स मिळालं की येते.”

“आणि नाही मिळालं तर? किती महिने?”

“माहीत नाही.”

त्याने लॅपटॉप ओढला आणि तक्त्यात माझ्या नावाची नवी ओळ केली. महिन्यांच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.

“काय लिहू?”

“माहीत नाही, असंच लिही,” मी म्हणाले. “रिकामं ठेवू नकोस.”