टरफलं दोन, पिल्लू एक

जिन्यात चपलांचा खच पडला होता. स्वतःच्याच घरात शिरायला बाईंना तीनदा "जरा सरका" म्हणावं लागलं. वर कुणीतरी दटावलंही, "ओ, रांगेतून या!"

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरी गेको पाळायच्या. गेको म्हणजे पाळीव पालच, पण पिवळ्या अंगाची, ठिपक्यांची. प्रशिक्षणासाठी त्या परगावी गेल्या, तेव्हा उबवणीच्या डब्यात दोन अंडी होती. परत आल्या तर दिवाणखान्यात काचेच्या पेटीभोवती अर्धी वस्ती हात जोडून उभी! एरवी भिंतीवर पाल दिसली की झाडू घेऊन धावणारी हीच माणसं.

पेटीत बोटाएवढं पिल्लू होतं. पुढ्यात अळ्यांची वाटी, तशीच भरलेली.

"वहिनी, आठवडा झाला, जन्मल्यापासून अन्नाला शिवलेलं नाही हो!" नणंदबाई पेटीवरची नजर न काढता म्हणाल्या. "आधी पांढरंफटक पडलं. मला वाटलं, गेलं आता. मग फुंकरबाबांना बोलावलं. त्यांनी पाणी मंतरून शिंपडलं आणि सकाळी बघते तर अंग नुसतं चमकतंय!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "ताई, पिल्लू पहिली कात टाकतं ना, त्याआधी ते पांढरं पडतं. मग ती कात स्वतःच खाऊन टाकतं, म्हणून मागे काही सापडत नाही. आणि सुरुवातीचे तीन-चार दिवस ते खातच नाही, पोटात अंड्यातला बलक असतो. त्यानंतर मात्र भूक लागतेच. हे सगळं मी फोनवर सांगितलं होतं!"

"कुणाला?"

दोघींनी एकदमच बाईंच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून म्हणाला, "मी सांगितलं की. लक्ष ठेव म्हणालो."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण भांडायला वेळ नव्हता. उबवणीच्या डब्यात टरफलं दोन होती. दोन्ही आतून फाटलेली, दोन्ही रिकामी.

"ताई, दुसरं पिल्लू कुठंय?"

"ते ना, बाबा म्हणाले, दोन जिवांचं बळ एका जिवात सामावलं. म्हणून तर याला भूक नाही."

"सामावलं? पिल्लू म्हणजे काय साखर आहे दुधात विरघळायला?" बाई ओरडल्याच. नुकतं जन्मलेलं पिल्लू ते. ऊब नाही, ओलावा नाही, तर किती तग धरणार? त्यांनी सोफे सरकवले, पडदे झटकले, बुटांतसुद्धा बघितलं. मागून लोकांची कुजबुज चाललेलीच: "बाईंना बघवत नाही दुसऱ्याचं मोठेपण."

संध्याकाळी फुंकरबाबा आले. मागे काखेत पिशवी दाबून चेला.

"ही पाल नव्हे, हा संकेत आहे!" बाबांनी पेटीवर फूं करून फुंकर मारली. "वारा हेच याचं अन्न! आता सगळ्यांनी बाहेर व्हा. आम्ही दार लावून याला बळ देणार."

"रोज दार लावता?" बाईंनी विचारलं.

"रोज."

"आज मीही आत बसते."

"संशयी माणसाच्या सावलीनं याचं तेज उतरेल."

"उतरू दे. अळी खाऊन परत चढेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेहरा आंबट झाला. बाई नणंदेकडे वळल्या. "ताई, पहिल्या दिवशी तुम्ही मला फोटो पाठवला होता ना? तो काढा. मानेवरचा काळा पट्टा बघा. आता पेटीत बघा."

नणंदबाईंनी चष्मा पुसला. फोटो पाहिला, पेटीत पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "फोटोत पट्टा मधे तुटलाय," त्या हळूच म्हणाल्या. "आणि याचा अखंड आहे. अगंबाई, हे ते नव्हेच!"

"तुटलेला पट्टा मंत्रानं जुळवला आम्ही!" बाबा गरजले.

पण नणंदबाई ऐकत नव्हत्या. ज्यांना आठवडाभर चहा करून पाजला, त्यांच्याच चेल्याच्या काखेतली पिशवी त्यांनी हिसकून घेतली. आतून निघाला प्लास्टिकचा डबा. डब्यात दोन-चार रातकिडे, आणि कोपऱ्यात तुटक्या पट्ट्याचं पिल्लू.

एक पेटीत लोकांसमोर उपाशी बसायचं, दुसरं डब्यात खायचं. संध्याकाळी दार लावलं की अदलाबदल. एवढंच बळ, एवढंच तेज!

डबा कोरडा ठणठणीत होता. जुनी कात पिल्लाच्या बोटांना दोऱ्यासारखी आवळून बसली होती.

"कोमट पाणी आणा! ओला कागद, लवकर!" बाई किंचाळल्या. नवरा पहिल्यांदा वर्तमानपत्र टाकून धावला. या धांदलीत बाबा आणि चेला जिन्यावरून पसार झाले. चपला घालायलाही थांबले नाहीत.

ओल्या कागदाच्या उबेत पिल्लू हललं. बाईंनी ओल्या कापसानं कात सोडवली. एक बोट मात्र काळं पडलं होतं, ते गेलंच.

"मी विचारलं होतं हो, दुसरं कुठंय म्हणून," नणंदबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"मग?"

"उत्तर मिळालं, म्हणून गप्प बसले."

बाईंना रागही आला आणि वाईटही वाटलं. दारात अजून माणसं रेंगाळत होती. त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ऐकलंत? उत्तर कुणीही देतं. ते खरं कशावरून, हेही विचारा. टरफलं तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. हात जोडण्याआधी नुसती मोजली असती, तरी याचं बोट वाचलं असतं."

मग शेजारीणबाईंनी चाचरत विचारलं, "आमच्याकडे ते मंतरलेलं पाणी आहे थोडं. त्याचं काय करू?"

"कुंडीत ओता! निदान झाड तरी जगेल."

दोन्ही पिल्लं आता वेगवेगळ्या पेट्यांत वाढताहेत. अळ्या नणंदबाईच घालतात. घरात कुणी चमत्काराची गोष्ट काढली की त्या वाद घालत नाहीत. त्याला तुटक्या पट्ट्याच्या पिल्लापाशी नेतात आणि म्हणतात, "याची बोटं मोजा बघू आधी."