बस आली, असे छापण्यात आले

मित्रांनो, मी एक म्हातारं क्रियापद. माझं नाव ‘येणे’. घरोघरी केवढा मान होता माझा! पाहुणे आले, कापूस घरी आला, लेक माहेरी आली. माझं नाव निघालं की दारात कुणीतरी उभं असायचंच.

मग मला वर्तमानपत्रात नोकरी लागली आणि माझं वाटोळं झालं. ‘झाडे तोडण्यात आली.’ अरे, कुणी तोडली? ‘आश्वासन देण्यात आले.’ कुणी दिलं? करणारा मागच्या दाराने पसार, आणि वाक्याच्या शेवटी मी एकटं उभं! असा राग येतो म्हणून सांगू! बघा, तोही माझ्यावाचून येत नाही.

अकोटजवळच्या एका गावात प्रणाली नावाची मुलगी आहे. बारावीत शिकते. गावची सकाळची बस कधीची बंद होती. गुरुवारी तिची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि बुधवारच्या पेपरात छापलेलं, ‘सकाळची बस सुरू करण्यात आली आहे.’ तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शेजारचे डोमाजीकाका मोटरसायकलवर सोडणार होते, त्यांना नको म्हणाली. काका पहाटेच अचलपूरला निघून गेले.

थांब्यावर पार्बताबाई बोरं विकायला बसतात. त्यांनी विचारलं, “काहून वं पोरी, कोनाची वाट पाहून राहिली?”

“बसची, आजी. पेपरात लिवलं, आली म्हणून.”

“आली? मी सकाळपासून अठीच बसून आहे. मले तं नाई दिसली!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रणाली शेवटी पायी निघाली. पोचली तेव्हा परीक्षा संपली होती. सर म्हणाले, “बस आली नाही याचा पुरावा आण, मग बघू.” तिने पेपरला पत्र लिहिलं, ‘गुरुवारी बस आली नाही. मी व पार्बताबाई थांब्यावर होतो.’ किती वर्षांनी कुणी मला सरळ वापरलं होतं! छापून काय यावं? ‘बस न आल्याचे सांगण्यात आले.’ दोघींची नावं गुल.

सरांनी ते कात्रण उलटसुलट पाहिलं. “कोणी सांगितलं, हे कुठे आहे यात?”

प्रणाली रडवेली होऊन गावी परतली. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईंनी बोरांची टोपली घरीच ठेवली आणि तिच्यासोबत थेट कॉलेजात गेल्या.

“कोनं सांगतलं म्हन्ता? म्या सांगतलं. पार्बताबाई नाव लिवा. पेपरात नाई आलं, म्हनून मीच आली.”

सर उठले, खुर्ची पुढे करून म्हणाले, “या.”

प्रणालीची परीक्षा झाली. पेपरात काय छापलं? ‘फेरपरीक्षा घेण्यात आली.’ घ्या!

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी बातम्या लिहील. मला खुशाल बोलवा, मी येईन. पण बाबांनो, सोबत कोण आलं त्याचं नाव लिहा. पार्बताबाई आल्या होत्या.