आक्काताईंचे पाय

हुपरीहून आक्काताई येणार, असा निरोप आला आणि संघप्रियानं आधी कॉम्प्युटरकडं बघितलं. एरवी कोणी यायचं म्हटलं की तिला काळजी लेकीची. दीड वर्षाची श्रुती, पाहुण्यांच्या पिशवीतलं काय उचलून तोंडात घालेल, नेम नाही. आज काळजी कॉम्प्युटरची होती. त्यातल्या फोटोत आक्काताईंचे पाय नव्हते.

दोन हजार सहा साल. हुपरीच्या नेमिनाथआण्णांना आपल्या चांदीच्या पैंजणांची वेबसाइट हवी होती. बाळंतपणात नोकरी सुटल्यावर संघप्रियाला घरबसल्या मिळालेलं हे पहिलंच काम. आण्णा म्हणाले होते, फोटो आमच्याच मालाचा घाला, बाकी तुम्हाला कळतंय. पैंजण नुसतं मखमलीवर ठेवून भागत नाही. कुणाच्या तरी पायात दिसलं, की बघणारीला ते स्वतःच्या पायात दिसतं, एवढं तिला कळत होतं. म्हणून तिनं पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या आक्काताईंनाच तयार केलं. त्या लाजल्या, चार दिवस मागून घेतले आणि चारही दिवस वजरीनं टाचा घासल्या, रात्री खोबरेल चोळलं. मग उंबऱ्यावर बसून पाय पुढं केला.

पण कॉम्प्युटरवर बघताना पैंजणाच्या आधी टाचेच्या भेगाच दिसायच्या. दोन दिवस संघप्रियानं तो फोटो उघडून मिटला. तिसऱ्या दिवशी इंटरनेटवरून कुणाचा तरी गोरा, गुळगुळीत पाय उतरवून घेतला, आक्काताईंच्या पायातलं पैंजण कापून त्याच्यावर बसवलं आणि पायाची बोटं ‘मागणी नोंदवा’ या बटणाकडं वळवली. पान कसं शहरी दिसायला लागलं. तिला बरंही वाटलं. लग्नाआधी गारगोटीच्या स्टुडिओवाल्यानं तिचाच दाखवायचा फोटो असा उजळ करून दिला होता, आणि बघायला आलेल्या बायकांनी चहा पिता पिता फोटोतली मुलगी कुठली म्हणून विचारलं होतं. ते तिला त्या रात्री अंथरुणावर आठवलं. तोवर नवा फोटो वेबसाइटवर चढवून झाला होता.

आक्काताई आल्या त्या नणंदेला, धोंडुबाईंना, बरोबर घेऊन. बसमध्ये जागा मिळाली नव्हती, तरी दोघी खुशीत. श्रुतीसाठी बोटभर पैंजण आणलं होतं. धोंडुबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि आक्काताईंना चिडवलं. “दाव की तुझं पाय. एवढा येळ कॉम्प्युटरात बसून मुंग्या आल्या असतील त्यास्नी.”

फोनच्या लाइनीवरच्या इंटरनेटवर चित्र वरून खाली सावकाश उतरायचं. आधी दुकानाचं नाव आलं. मग पोटरी. मग पैंजण, आणि आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. कडी न् कडी त्यांच्या हातची, त्यांना ती लांबूनही ओळखू आली. मग टाच उतरली.

आक्काताईंनी चष्मा पुसला, परत बघितलं.

“पैंजण माझं हाय,” त्या म्हणाल्या. “पाय कुणाचं?”

“आण्णांनी बदलायला सांगितलं.” संघप्रियाचा आवाज जराही हलला नाही. इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

“आण्णांनी?” आक्काताईंना खरंच कळेना. “तू दिल्याला फोटू त्यांनी दुकानात लावलाय की. आल्यागेल्याला दावत्यात, आमच्या आक्काचं पाय म्हणून. थांब, मी जाऊन इचारतो त्यास्नी.”

संघप्रियाला ते समोर दिसलं. उद्या ही बाई मालकापुढं उभी राहील, आणि ज्या माणसानं तिचा मान ठेवला त्यालाच जाब विचारेल.

“नका विचारू. मीच बदलले, आक्काताई. आण्णांना माहीत पण नाही.”

धोंडुबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. आक्काताईंनी पाय साडीत ओढून घेतले.

“सांगायचंस की पोरी,” त्या हळूच म्हणाल्या. “चार दिवस घासलं नसतं.”

चहा त्यांनी घेतला. उठता उठता श्रुतीला मांडीवर घेऊन पैंजण घातलं, अडकवायचा आकडा आतल्या बाजूला फिरवला आणि स्क्रीनकडं न बघता म्हणाल्या, “तितं आकडा भाईर आलाय. साडीत अडकंल. हुपरीच्या बाईनं घातलंय म्हणून कोण इस्वास ठेवील?”

त्या गेल्यावर संघप्रियानं जुना फोटो परत चढवला. भेगा होत्या तशाच ठेवल्या. बोटं बटणाकडं पाठ करून होती, तीही तशीच. हुपरीला फोन करून तिनं ते सांगितलं. आक्काताई बरं म्हणाल्या. बघायला काही परत आल्या नाहीत.

श्रुती चालायला लागली की आता पैंजण वाजायचं आणि लेक कुठं आहे ते स्वयंपाकघरातूनही कळायचं. आईला तेवढा निवांतपणा यायला हवा होता. पण आवाज आला, की पोळी लाटता लाटता संघप्रियाची मान आपोआप खाली जायची.