एकाच साच्यातल्या सहा खुंट्या

मला खोट बघवत नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेरा वर्षं क्वालिटीला आहे. झाकणं, नळ्या, मुठी दिवसभर माझ्या हाताखालून जातात आणि जिच्यावर रेघ किंवा फुगवटा दिसेल ती मी बाजूला टाकते. घरीही तेच. नवरा सौमित्र म्हणतो, "हिला पोळी वाढायची तर आधी कंपास घेऊन बसावं लागतं." तो हसतो, मीही हसते, पण पोळी वाकडी असली की माझा हात खरंच वळवळतो.

बाबांच्या होडीचं मी जे काही केलं ते या खोडीपायी.

बाबा, म्हणजे हरिहर, वर्तकनगरला राहतात. वय एकाहत्तर. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली आणि एकोणीस वर्षांपूर्वी कुठल्याशा क्लबने मोडीत काढलेली शिडाची एक फायबरची होडी घरी कुणाला न विचारता घेऊन आले. तिचं नाव त्यांनी ठेवलं टिटवी. ती कोलशेतला खाडीत असते, काळुरामच्या मासेमारीच्या होडीशेजारी. दर रविवारी भरती बघून बाबा निघतात. घरात ते मोजकं बोलतात, वाढलेलं जेवतात, कुणी विचारलं तर हो किंवा नाही. होडीत मात्र गुणगुणतात. तो माणूस तिथे वेगळाच असतो.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी सांगितलं तेव्हा आईने, हेमाने, अट घातली होती. डोळे धड आहेत तोवर होडी, त्यानंतर नाही. बाबा कबूल झाले. तेव्हापासून ते तपासणीला एकटेच जातात आणि परत येऊन चप्पल काढता काढता सांगतात, "आहे तसंच आहे."

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. "अंतरा, एका रविवारी तू जा गं ह्यांच्याबरोबर. शेजारी बस आणि नीट बघ. तू सांगशील ते मी धरेन. दिसत नसेल तर होडी काढून टाकायची."

"मीच का?"

"तुझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून."

हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. आणि लगेच बेचैनही झाले. मी 'दिसत नाही' म्हटलं तर बाबांचा रविवार जाणार होता. त्यांच्याकडे दुसरं काय आहे? फोन ठेवल्यापासून मला बसवेना. काहीतरी करायलाच हवं असं वाटत राहिलं आणि माझ्यासारखीला करण्यासारखं एकच सुचतं, कुठली तरी खोट दुरुस्त करणं.

त्या रविवारी भरती अवेळी होती, बाबा निघणार नव्हते, म्हणून शनिवारीच मी कोलशेतला गेले आणि टिटवीवर चढले. बाबा बसतात तिथे, त्यांच्या समोरच्या पट्टीवर, दोर अडकवायच्या सहा खुंट्या आहेत. नायलॉनच्या, काळ्या. काळ्या कसल्या, उन्हाने पार राखाडी झालेल्या, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी निघत होती. एकीला दोराने एवढी खोल खाच पाडली होती की करंगळी बसेल. एकीचं टोक झिजून तिरकं झालेलं. एकीवर लांबच लांब ओरखडे. ओळही वेडीवाकडी, दोन चिकटून, मग मोकळी जागा, मग एक. सहाही एकाच साच्यातल्या, आणि आता एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. बघून माझं डोकंच उठलं. मी स्क्रू काढले आणि सहाही पिशवीत टाकल्या.

काळुराम जाळं सुकत घालत होता. म्हणाला, "बाबाला इचारलंस का?"

"सरप्राइज आहे," मी म्हटलं.

"त्याचे हातचं हाय तं," तो म्हणाला आणि परत जाळ्याकडे वळला. मी लक्ष दिलं नाही.

आठवडाभर कारखान्यातून आले की मी बाल्कनीत. आधी साबणाने धुणं, मग पाण्यातला पॉलिश पेपर, जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. खोल खाच एपॉक्सीने भरली. तिरकं टोक दुसऱ्या टोकाला जुळेल असं घडवून घेतलं. शेवटी हीट गन लांबून फिरवली. हे बघायला मजा येते, राखाडी नायलॉन क्षणात काळं होतं. हात एका जागी थांबला तर मात्र वितळतं, म्हणून हलत राहायचं. माझा हात तसाही थांबत नव्हता. वर बफने चकाकी काढली. सहा खुंट्या स्टुलावर मांडल्या तर मलाही कुठली कुठली होती ते सांगता आलं नसतं. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बसवायला गेले तर जुनी भोकं ढिली झालेली. मग नवीन पाडली, सगळी ओळ चार बोटं पुढे घेतली आणि मोजपट्टी लावून सारख्या अंतरावर बसवली. दोर होते तसे अडकवले, लाल, निळा, पिवळा आणि बाकीचे.

रविवारी सकाळी बाबा चढले आणि मी म्हटलं, "बघा."

त्यांनी ओळीवरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटा.

"छान चमकतायत," एवढंच म्हणाले.

मी खट्टू झाले. आठवडाभर हातांची सालटी काढली आणि बक्षीस काय, तर दोन शब्द. पण ते बाबाच. शीड चढवताना काळुरामने मदत केली आणि आम्ही निघालो.

खाडीच्या मध्यावर जाईपर्यंत सगळं ठीक होतं. बाबा सुकाणूपाशी, मी त्यांच्यासमोर. मी त्यांच्या डोळ्यांवरच नजर ठेवून होते. त्यांनी लांबचा बार्ज दाखवला. पलीकडच्या तिवरांवर बगळे उतरले तेही दाखवले. मी मनातल्या मनात आईला सांगून टाकलं, दिसतं गं, चांगलं दिसतं. गुणगुणणं तेवढं आज नव्हतं.

तेवढ्यात येऊरच्या डोंगराच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला. होडी एका अंगावर कलली, कड पाण्याला लागली. अशा वेळी एकच करायचं असतं, मोठ्या शिडाचा दोर सोडायचा. शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. तो दोर लाल आहे. एवढं मलाही ठाऊक आहे.

बाबांचा हात खुंट्यांवर गेला. पहिलीवर, दुसरीवर, तिसरीवर, परत पहिलीवर.

"लाल, बाबा! लाल सोडा!"

लाल दोर त्यांच्या अंगठ्यापासून वीतभर होता. त्यांनी निळा सोडला. पुढचं लहान शीड फडफडायला लागलं, मोठं तसंच ताणलेलं राहिलं आणि कडेवरून पाणी आत आलं. मी त्या पट्टीवर अक्षरशः पडले. तोंड होडीच्या काठावर आपटलं. लाल दोर उचकटला तशी होडी एक हिसका देऊन सरळ झाली.

घोट्यापर्यंत पाणी होतं. मला धाप लागली होती. आणि बाबांचा हात अजून खुंट्या चाचपत होता, एकेक करून, परत परत. मान वर, डोळे समोर कुठेतरी. ते बघत नव्हतेच.

काठाला लागेपर्यंत मी सांगत होते आणि ते सुकाणू वळवत होते. "थोडं उजवीकडे. बस." एवढंच. काळुराम पाण्यात उतरून होडी ओढायला आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आरं, ताईचा व्हट फुटलाय. रगत येतंय."

बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग थोडंसं बाजूला, कडेने बघायला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड-दोन वर्षं. मधोमध डाग आहे. जिथे बघायला जावं तिथेच येतो. कडेचं दिसतं, लांबचं हललेलं कळतं. पण दोराचा रंग नाही कळत."

"मग इतके दिवस कसं?"

"हाताला कळायचं. करंगळी बसली की लाल. टोक तिरकं लागलं की निळा."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेच. "सकाळी हात फिरवलात तेव्हाच कळलं ना तुम्हाला? मग पाण्यात कशाला गेलात?"

"नाहीतर तुला सांगावं लागलं असतं," बाबा म्हणाले.

इतका राग मला कधी आला नव्हता. त्यांचा, आईचा, माझ्या या दहा बोटांचा. डोळे गेले तरी त्यांनी स्वतःसाठी एक वाट धरून ठेवली होती आणि मी ती आठ दिवस बसून गुळगुळीत केली. वर कौतुकाची वाट बघत होते.

"मी परत करते," मी म्हटलं. "कानस आणते. खाच पाडते, अगदी तेवढीच, तुम्ही करंगळी लावून बघा. ओळ मागे घेते. दोन तासांचं काम आहे."

"करशील गं. तू करशीलच." त्यांनी हात माझ्या चेहऱ्याकडे आणला आणि ओठाशी थांबवला. "पण तुला लागलंय हे मला काळुरामने सांगितल्यावर कळलं. हेमाला फोन लाव."

मी लावला. ते उभ्याउभ्याच बोलले. "हेमा, मला दिसत नाही. बरेच दिवस... हो. नाही, खोटंच सांगत होतो... ती ठीक आहे." मग फोन माझ्याकडे दिला.

आई रडत नव्हती. म्हणाली, "मला अंदाज होता गं. पण माझ्या तोंडून 'नाही' निघत नव्हतं. म्हणून तुला पाठवलं."

"छान. म्हणजे वाईट मीच व्हायचं," मी म्हटलं आणि फोन बंद केला. मग मला रडू आलं, तेही काळुरामसमोर.

तो बिचारा दुसरीकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, पानी उतराला लागलं. आता नाय हालवली तर चिखलान् बसंल." टिटवीला खोल पाण्यात तिच्या जागी नेऊन बांधायचं होतं आणि त्याआधी शीड उतरवायचं होतं.

बाबा सवयीने चढले, आपल्या जागी बसले. हात पट्टीकडे गेला आणि खुंट्यांच्या वर, हवेतच थांबला.

"यातला कुठला, अंतरा?" त्यांनी विचारलं.

एकोणीस वर्षांत त्या होडीत त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसले, त्यांचा हात धरला आणि दोरावर ठेवला.