कांचनाची लूट

कुवेतमध्ये सण तिथीला येत नाही, शुक्रवारी येतो, ही गोष्ट पद्मजाबाई गर्गे यांनी अहमदीच्या कंपनी क्वार्टरमध्ये संसार थाटला तेव्हाच नाइलाजाने मान्य केली होती. त्यापलीकडे मात्र त्यांनी काहीही मान्य केलेले नव्हते. मराठी मंडळाच्या गणपतीला प्लास्टिकच्या दूर्वा चालणार नाहीत, संक्रांतीला चॉकलेट चालणार नाही आणि ‘हॅपी दसरा’ म्हणत लांबूनच हात हलवणाऱ्याला सोने मिळणार नाही, हे त्यांचे कायदे होते. युद्धात सगळे पांगले, मागाहून परतले, नाशिक-पुण्याहून नवी इंजिनिअर मंडळी आली. कायदे तेच राहिले. यजमान गेल्यावर पद्मजाबाई मुलाच्या, म्हणजे सलीलच्या, व्हिसावर मंगफच्या फ्लॅटमध्ये राहू लागल्या. कागदोपत्री त्या त्याच्यावर अवलंबून होत्या. फक्त कागदोपत्रीच.

२००७ सालचा दसरा रविवारी झाला आणि मंडळाचा दसरा पुढच्या शुक्रवारी ठरला. त्या शुक्रवारी सकाळीच मंडळाचे अध्यक्ष दिनकर यांचा फोन आला.

“काकू, एक अडचण झालीय. जयप्रकाश सुट्टीवरून येत नाहीये. आईला दवाखान्यात ठेवलंय, त्यानं रजा वाढवून घेतली.”

“त्याच्या आईला लवकर आराम पडो. आणि आपटा?”

“तोच आणणार होता ना. पण तुम्ही काळजी करू नका. आपल्या मंडळातल्या प्रेमानं सोनेरी कागदाची पानं कापून ठेवलीत. दिसतात अगदी हुबेहूब...”

“दिनकर, तुझ्या लग्नात नवरी कागदाची उभी केली होती का रे?”

पलीकडून केवळ खोकल्याचा आवाज आला. पद्मजाबाईंनी फोन ठेवला, पण त्यांचे मन काही ठिकाणावर येईना. तीस वर्षांत मंडळाच्या दसऱ्याला असे कधी घडले नव्हते. कुणी ना कुणी सुट्टीवरून येताना पिशवीभर आपटा आणत असे, आणि सुकलेला का होईना, खराखुरा आपटा त्यांच्या हातून हॉलभर वाटला जात असे.

सरस्वतीपूजनाला लागणारी सतरंजी सून स्वप्नाने गच्चीवर वाळत घातली होती. ती वाळली की नाही हे पाहण्याचे काम सुनेवर सोपवावे, एवढा विश्वास पद्मजाबाईंपाशी नव्हता. गुडघ्यांमुळे त्या गच्चीवर सहसा जात नसत. त्या दिवशी कठड्याचा आधार घेत त्या वर चढल्या, दार ढकलले आणि जागच्या जागी खिळल्या.

गच्चीच्या दक्षिणेकडच्या कडेला, जिथून मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या ज्वाळा दिसत, तिथे कुंड्यांची एक रांगच उभी होती. पुरुषभर उंचीची रोपे, आणि प्रत्येक फांदीवर दोन पाळ्यांची, मध्ये दुमडलेली पाने. राखाडी धुळीने ती पार माखली होती, पण आकार काही लपत नव्हता.

“स्वप्ना!” त्यांची हाक चार मजले खाली गेली. “अगं, आपल्या डोक्यावर आपटा उभा आहे आणि आपण कागद कापतोय!”

स्वप्ना धावत वर आली आणि सासूबाईंचा रोख कुंड्यांकडे पाहून चपापली. “आई, ही शलाकाची झाडं आहेत. युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टची. ती बघा पाटीही लावलीय.”

पाटी पद्मजाबाईंनी वाचली होती. ‘हात लावू नये’ असे इंग्रजीत आणि अरबीत लिहिले होते. पाट्या लोकांसाठी असतात, असे त्यांचे मत होते.

नात शलाका पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती रोज रात्री जेवताना तिच्या विद्यापीठाच्या अभ्यासिकेविषयी बोलत असे. ती अभ्यासिका तळघरात होती. छताजवळच्या हवेच्या झडपा हमरस्त्याकडे उघडत. गाड्यांचा धूर आणि वाळवंटाची धूळ थेट आत येई. मुलींची डोकी दुखत, पण दुसरी जागा नव्हती. रस्त्याच्या बाजूने झाडांची भिंत उभी करा, ही शलाकाची मागणी. झाडे खरोखर किती धूळ अडवतात हे सिद्ध करून दाखव, मग भिंत लावू, हे विद्यापीठाचे उत्तर. त्या सिद्धतेवरच तिची जानेवारीतली पदवीही अवलंबून होती. घरात हे सर्वांना ठाऊक होते. पद्मजाबाईंना ते ऐकू आले होते, पण त्यांनी ते ऐकले नव्हते. जेवताना इंग्रजीत बोललेले त्या ऐकत नसत.

“शलाकाला एकदा विचारू या का?” स्वप्ना म्हणाली. तिने मोबाइल लावलाही. शलाका अभ्यासिकेत होती, आणि तिथे फोन बंद ठेवावा लागे.

“सोनं काय विचारून लुटतात? लुटायचं म्हणजे लुटायचं,” पद्मजाबाई म्हणाल्या. “घरचं झाड, घरचा सण. पोरीला आनंदच होईल. बोलव प्रेमाला, आणि ती कात्री कागदासाठी नव्हे, देठांसाठी आणायला सांग.”

दुपारपर्यंत रोपे ओकीबोकी झाली. शेंड्याची कोवळी पाने मात्र पद्मजाबाईंनी राखायला लावली. झाड मोडणे त्यांना खपत नसे. पानांच्या मागे निळ्या शाईत बारीक आकडे दिसले, तेव्हा “नर्सरीवाल्यांची खूण असेल” असे त्यांनीच सांगून टाकले. मग न्हाणीघरात मोठे टब भरले. धुळीचे सोने कुणाच्या हातात ठेवणार? प्रत्येक पान दोन पाण्यांतून काढून मलमलीने पुसले गेले. टबांतले पाणी शाईसारखे काळे झाले. तेही त्यांनी वाया जाऊ दिले नाही. झाडांचे पाणी झाडांना, असे म्हणून कुंड्यांत घालायला लावले.

संध्याकाळी फहाहीलच्या शाळेचा हॉल खच्चून भरला होता. पद्मजाबाई हिरव्या इरकलीत व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि माइक हाती घेऊन त्यांनी एक पान उंच धरले.

“हा आपटा. नीट पाहून घ्या, मुलांनो. दोन पाळ्या आणि मध्ये ही शीर. कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला तो या झाडावर, आणि तोही एका विद्यार्थ्यासाठी, त्याच्या गुरुदक्षिणेसाठी! आज आपल्या मंडळात ताजा आपटा आहे. ज्यांना कागद वाटायची घाई झाली होती, त्यांनी रांगेत सर्वांत शेवटी उभे राहावे.”

हॉल हसला. दिनकर सर्वांत मोठ्याने हसले आणि खरोखरच शेवटी जाऊन उभे राहिले.

रांग सरकत होती, पाने हातांत पडत होती, डोकी पायांवर वाकत होती. एवढ्यात सलील विद्यापीठातून शलाकाला घेऊन आला. पाठीवरची पुस्तकांची पिशवीही न उतरवता ती पुढे आली आणि आजीच्या पाया पडली. पद्मजाबाईंनी तिच्या हातावर सर्वांत मोठे, निवडून ठेवलेले पान ठेवले.

“सोनं घे आणि सोन्यासारखी राहा.”

शलाकाने पान पाहिले. मग उलटे केले. धुऊन पुसट झालेला निळा आकडा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला की सलीलने तिचा दंड धरला.

“आजी, धिस इज माय लीफ.”

“मराठीत.”

“हे माझं पान आहे. हे तू कुठून आणलंस?”

“आपल्याच गच्चीवरून! एवढा आपटा लावलास आणि आजीला सांगितलं नाहीस?”

“सगळी काढलीस?”

“शेंडे ठेवलेत.”

“आणि धुतलीस?” हा प्रश्न तिने इतक्या हळू विचारला की पद्मजाबाईंना तो अभिमानाने उत्तर देण्याजोगाच वाटला.

“दोनदा. मलमलीनं पुसलीसुद्धा.”

शलाका व्यासपीठाच्या पायरीवर मटकन खाली बसली. “त्या धुळीसाठीच तर ठेवली होती ती, आजी. सगळा उन्हाळा. एकेका पानावरची धूळ मी लॅबमध्ये धुऊन, वजन करून दाखवणार होते. परवा, रविवारी.” मग एकाएकी तिने मान वर केली. “ते पाणी? ते पाणी कुठेय?”

उत्तर स्वप्नाने दिले. “त्याच कुंड्यांना घातलं गं.”

शलाका हसली. ते हसणे ऐकून रांगेतली मुले आयांना चिकटली. “आणि आजी, हा आपटा नाहीच. आपट्याचं पान लहान असतं, जाड असतं. हा कांचन आहे.”

दिनकरांनी मागून सावरायचा प्रयत्न केला: “कांचन म्हणजे तरी काय हो, काकू? सोनंच की!” कुणीही हसले नाही.

पद्मजाबाईंच्या मनाला पहिला चटका बसला तो नातीच्या नुकसानीचा नव्हता. माइकवरून, साऱ्या मंडळासमोर, मुलांना चुकीचे झाड शिकवल्याचा होता. तो ओसरल्यावर मगच त्यांना पायरीवर बसलेली मुलगी दिसली. लहानपणी पडली-झडली तरी न रडणारी ही पोर आताही रडत नव्हती. ती हातातल्या पानावरून बोट फिरवत होती, कुठे काही उरले आहे का ते पाहत होती. आयुष्यात प्रथमच, आपण नेमके काय केले हे कुणाला विचारावे, असा प्रश्न त्यांना पडला.

त्यांनी माइक उचलला.

“सर्वांनी सोनं परत द्यावं.”

“अहो काकू!” प्रेमा जवळजवळ ओरडलीच. “दसऱ्याला दिलेलं सोनं कुणी परत मागतं का? अशुभ असतं ते!”

“मी मागते आहे, प्रेमा. जे अशुभ असेल ते माझ्या वाट्याला येऊ दे.”

आणि त्या ताट घेऊन खाली उतरल्या. गुडघे कुरकुरत होते, इरकलीचा पदर घसरत होता, पण त्या रांगेरांगेतून फिरल्या. कुणी पर्समधून पान काढले, कुणी पुस्तकातून. एका मुलाने त्याचे दोन तुकडे केले होते. तेही त्यांनी ताटात घेतले. ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी त्यांच्या पायांवर डोके ठेवले होते, ते आता त्यांच्या पसरलेल्या ताटाकडे पाहून नजर चुकवत होते.

भरलेले ताट त्यांनी शलाकापुढे ठेवले.

“आजी,” ती थकून म्हणाली, “धुतलेल्या पानांचं मी काय करू?”

हे पद्मजाबाईंच्या ध्यानातच आले नव्हते.

रविवारी त्या विद्यापीठात गेल्या. ‘मी येणार’ असे त्यांनी जाहीर केले आणि शलाका हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिच्या मार्गदर्शक डॉक्टर अमिरुन्निसा मूळच्या हैदराबादच्या. त्यांनी ओक्याबोक्या रोपांची छायाचित्रे पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“ये पत्ते किसने धोये?”

“मैंने,” पद्मजाबाई ताठ बसून म्हणाल्या.

“मगर क्यों?”

“गंदे थे.”

बाईंनी एकदा आजीकडे आणि एकदा नातीकडे पाहिले. रागवावे की हसावे हे त्यांना ठरवता येत नव्हते. “बडी बी, वो गंदगी ही तो इस बच्ची की डिग्री थी. आपने किसी से पूछा भी नहीं?”

पद्मजाबाईंनी तोंड उघडले, पण उत्तर शलाकाने दिले, इंग्रजीत, अगदी साध्या आवाजात, जणू घराचा पत्ता सांगावा तसे: “शी डजन्ट आस्क, डॉक्टर.”

ते वाक्य पद्मजाबाईंना पूर्ण कळले. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती, आणि म्हणूनच ते टोचले. नातीने इतकी वर्षे त्यांना असेच ओळखले होते.

डॉक्टरबाईंनी निर्णय दिला. नवी पाने फुटू द्यायची, त्यांच्यावर पुन्हा धूळ बसू द्यायची, पुन्हा मोजायची. पदवी जानेवारीऐवजी जूनमध्ये. अभ्यासिकेबाहेरची झाडांची भिंतही तोपर्यंत नाही. “उसके पहले मुमकिन नहीं,” त्या म्हणाल्या. पद्मजाबाईंना पुष्कळ बोलायचे होते. त्यांच्या शब्दावर मंडळात तारखा बदलत असत. त्या पदर सावरून उठल्या.

बाहेर पडल्यावर शलाका एक जिना उतरून अभ्यासिकेत गेली. पद्मजाबाई तिच्यामागून गेल्या आणि दारातच त्यांना ठसका लागला. डिझेलचा वास घशात बसला. बुटक्या छताखाली लांबच लांब मेजे, त्यांवर वाकलेल्या मुली, काहींच्या नाकावर रुमाल. छताजवळच्या जाळ्यांवर काळी पुटे, आणि त्यांच्यावरून सतत धडधडत जाणारी रस्त्यावरची वाहतूक. या जागेचे वर्णन त्यांच्या ताटाशेजारी बसून रोज केले गेले होते, आणि तरी त्या आज ती प्रथम पाहत होत्या. जूनपर्यंत इथल्या मुलींनी हाच वास घेत वाचायचे होते. तो वेळ त्यांनीच वाढवून दिला होता.

शलाकाने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पुस्तक उघडले आणि पेन्सिल हाती घेतली. आजीसाठी कुणी खुर्ची पुढे केली नाही. पद्मजाबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर त्यांचा हातही गेला होता.

“शलाका,” त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज त्यांना परका वाटला. “मी इथे थोडा वेळ बसू का?”

शलाकाने मान वर केली. ती आजीकडे पाहतच राहिली, जणू हा प्रश्न तिला समजायला वेळ लागत होता.

“बस,” ती म्हणाली. “पण इथे कुणाला काय करायचं ते सांगायचं नाही.”

पद्मजाबाई बसल्या.